टिलव्याची ओळख



ज्या शाळेत मी पाढे न आल्याबद्दल बाकावर उभा राहिलो, त्याच शाळेने आज मला व्यासपीठावर उभे केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. या स्मृतिव्याख्यानासाठी माझ्यापूर्वी ज्यांनी ही जागा भूषविली, त्यांनी संतवाङ्मय, स्वातंत्र्यलढा, सहकार असे भारदस्त विषय निवडले. माझा विषय दहा रुपयांच्या तीन नाण्यांएवढ्या वजनाचा आहे. डुमसच्या चिखलावर हिवाळ्यात दिसणारा छोटा टिलवा, ज्याला इंग्रजीत लिटल स्टिंट म्हणतात, तो ओळखावा कसा, एवढेच मी सांगणार आहे. हा विषय मी का निवडला, त्याचे कारण शेवटी येईल.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांचे नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहेच. आम्ही त्यांना नुसते ‘सर’ म्हणत असू आणि आजही मी तेच म्हणेन. सर गणित शिकवीत. पक्षिशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि आपण पक्षितज्ज्ञ आहोत असे त्यांनी कधी भासवलेही नाही. रविवारी पहाटे चार-दोन मुलांना घेऊन ते सिटी बसने डुमसला जात. खांद्यावरच्या पिशवीत एक दुर्बीण, पाण्याची बाटली, भाकरी-चटणीचे पुडके आणि एक लांबट वही. वहीला त्यांनी स्वतः रकाने आखले होते : तारीख, तिथी, भरतीची वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या, शेरा.

त्यांतील तिथीच्या रकान्याचे आम्हांला फार नवल वाटे. पक्ष्यांचा आणि पंचांगाचा काय संबंध? सर मूळचे रत्नागिरीकडचे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब कोकणात आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब सरांनी लहानपणी घरीच ऐकला होता. पण सुरतेला तो लागू पडेना. खंभातच्या आखातात पाणी शिरून वर चढायला वेळ लागतो, त्यामुळे येथे भरती उशिरा होते. सरांनी दोन हिवाळे किनाऱ्यावर हातात घड्याळ घेऊन उभे राहून डुमसपुरता वेगळा हिशेब बसवला. गणिताच्या शिक्षकाचा हा छंद तेव्हा आम्हांला विक्षिप्त वाटला. पुढे कळले, की चिखलपक्ष्यांच्या अभ्यासात अर्धी विद्या भरतीची वेळ ओळखण्यातच आहे. ओहोटीला पाणी पार दूर जाते आणि पक्षीही त्याच्या कडेने दूर जातात. दुर्बिणीतून केवळ हलणारे ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना ढकलीत आपल्याकडे आणते. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी कोरड्या, सुरक्षित जागी उभे राहावे आणि हलू नये. सकाळ असावी, कारण आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी डोळ्यांत. (विद्यार्थ्यांना येथेच बजावून ठेवतो : या सपाट किनाऱ्यावर पाणी दिसते त्याहून वेगाने चढते. मोठ्या माणसावाचून चिखलात पाऊल टाकू नये.)

हा चिखल कोठून येतो, हेही सर सांगत. तापी मुलताईला उगम पावते, बुऱ्हाणपूर, भुसावळ ओलांडते आणि खानदेशची काळी माती पोटात घेऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. या शाळेतील अनेक मुलांचे आजोबा-पणजोबा त्याच खानदेशातून पोटासाठी येथे आले. “माती आधी आली, माणसं मागून,” असे सर हसत म्हणत. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि गाळाचा मोठा वाटा वरच अडू लागला. पुढे हजिऱ्याच्या बाजूला कारखाने व धक्के उभे राहिले. तरीही ओहोटीला जो चिखल आजही उघडा पडतो, त्यात किडे, बारीक शंख-शिंपले आणि कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म जीव आहेत. त्यांच्यासाठी टिलवा येथे येतो.

तो येतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून, स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या ओसाड दलदलीतून. तेथील उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. त्यात घरटे, अंडी, पिले सारे उरकायचे. या जातीत एका मादीच्या अंड्यांचा एक संच नर उबवतो व दुसरा ती स्वतः, असेही घडते; ऋतू इतका आखूड, की कामाची वाटणी करणे भाग पडते. पिले स्वतःचे पोट भरू लागली, की प्रौढ पक्षी त्यांच्या आधीच दक्षिणेची वाट धरतात. पिले मागून निघतात, वाट दाखवणारे कोणी नसताना. जुलैअखेरीपासून आपल्याकडे पोचू लागतात ते प्रौढ. त्या वर्षी जन्मलेले त्यांच्या मागून येतात. ज्या पक्ष्याने समुद्र कधी पाहिलेला नाही, तो काही हजार किलोमीटर उडून चिखलाच्या एका पट्ट्यावर उतरतो. हे ऐकल्यापासून ‘हा काय, बारीकसा तुतवार’ असे म्हणण्याची माझी हिंमत झालेली नाही.

आता ओळखीकडे वळू. पहिली अडचण नावांची. मराठीत ‘चिखल्या’ म्हणजे प्लव्हर : आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी. गुजराथीत ‘किचडियो’ म्हणतात तो टिलव्याच्या गोत्रातला. दोन्ही नावांचा अर्थ एकच, चिखलात राहणारा. पण पक्षी वेगळे. सुरतेच्या बसस्थानकावर एक मराठी आणि एक गुजराथी पक्षिमित्र भेटले आणि दोघांनी आपापल्या भाषेत चिखलवाल्याची तारीफ केली, तर ते एकमेकांशी पूर्ण सहमत होतील आणि बोलत असतील भिन्न पक्ष्यांविषयी! मराठीत तर ‘टिलवा’ हा शब्द याहून पुष्कळ मोठ्या, लांब पायांच्या पक्ष्यांनाही लावतात. म्हणून सर नावापुढे नेहमी दोन ओळी वर्णन लिहीत. त्याचा उपयोग अलीकडेच ध्यानात आला. लेसर सँड प्लव्हर म्हणून जो एकच पक्षी आपण मानीत होतो, त्याच्या शास्त्रज्ञांनी आता सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती केल्या आहेत. नुसते नाव लिहिणाऱ्याची वही अशा वेळी मुकी होते. वर्णन लिहिणाऱ्याची वही काहीतरी बोलते.

चिखल्या आणि टिलवा यांतला भेद रंगावरून शोधू नका, चालीवरून शोधा. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. चार पावले धावतो, थबकतो, पाहतो, एकदम टिपतो आणि पुन्हा धावतो. टिलवा थांबत नाही. मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खालीवर करीत तो पुढे सरकत राहतो. त्याच्या गोत्रातील पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श जाणणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. चिखलाआड काय आहे हे डोळ्यांआधी चोचीला कळते. उधना-लिंबायतच्या ज्या मुलांच्या घरी शिवणयंत्र चालते, त्यांना ही चाल मी समजावून सांगण्याची गरज नाही. पक्षी इतका दूर असेल की रंग दिसत नाही, तरी ही चाल दिसते.

टिलवा ठरला, आता कोणता? या लहान पक्ष्यांनी जगभरच्या जाणकारांना चकवले आहे. १९८४ साली ‘ब्रिटिश बर्ड्स’ या मासिकात पी. जे. ग्रँट आणि लार्स जॉन्सन यांनी केवळ याच चिमुकल्या मंडळींच्या ओळखीवर प्रदीर्घ लेख लिहिला. तोवर अनुभवी निरीक्षकसुद्धा पुष्कळदा हात टेकत. आपल्याकडे मुख्य प्रश्न छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा, हा असतो. पुस्तक म्हणते, पाय पाहा : छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट. सूत्र बरोबर आहे. फक्त पुस्तक लिहिणारा तापीच्या मुखाशी उभा नव्हता. येथे घोट्यापर्यंत चिखल माखला, की पिवळे पाय काळे होतात. आणि तो चिखल उन्हात वाळला, की काळे पाय राखी-पिवळट दिसतात. पक्षी पाण्यातून चालून बाहेर येईपर्यंत पायांवर विश्वास ठेवू नये.

म्हणून इतर खुणा गोळा कराव्यात. टेमिंकचा पक्षी वरून सपाट करड्या-तपकिरी रंगाचा असतो. छातीवरही तोच धुरकट पट्टा. तो अंग चोरून, पाय दुमडल्यासारखा सरपटत चालतो. त्याला गोडे पाणी आणि काठचे गवत आवडते, तेव्हा गवियरसारख्या तळ्याच्या काठी एकटादुकटा दिसला तर आधी त्याचा संशय घ्यावा. दचकला की सरळ वर चढतो आणि बारीक घुंगरू वाजल्यासारखा थरथरता आवाज करतो. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या चमकतात. छोटा टिलवा उघड्या चिखलावर थव्याने असतो. छाती पांढरी, फक्त बाजूंना थोडा रंग. आवाज तुटक, ‘टिट्’ असा. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याची त्या वर्षीची पिले भेटली, तर पाठीवर दोन पांढऱ्या रेघा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या जुळलेल्या दिसतात. ती या पक्ष्याची मला सर्वांत आवडणारी खूण आहे, कारण ती पाहणे म्हणजे तो एकट्याने आलेला प्रवासी पाहणे. हिवाळा चढला की ती रेघ झिजते, पिसे बदलतात, सारे करडे-पांढरे होऊन जाते. एप्रिलमध्ये जाण्यापूर्वी पाठीवर तांबूस रंग चढतो. त्या वेळी पूर्वेकडच्या लाल मानेच्या टिलव्याचा भास होतो. गळा पाहावा. लाल मानेच्याचा गळा तांबडा असतो, छोट्याचा पांढराच राहतो. भर हिवाळ्यात मात्र हे दोघे इतके सारखे, की पुष्कळदा नाव न लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरते. सरांच्या वहीत ‘टिलवा, जात नक्की नाही’ असा शेरा जागोजाग आढळतो. वर्गात उत्तरपत्रिकेवर अर्धा गुणसुद्धा फुकट न देणारा हा माणूस स्वतःलाही फुकट गुण देत नसे.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी हा विषय मी निवडला.

जानेवारी १९८९. मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सलीम अली व रिप्ले यांची १९८३ साली निघालेली सचित्र मार्गदर्शिका वाचनालयातून आणून पालथी घालत होतो. तीत एका पक्ष्याने मला वेड लावले होते. तो चमच्यासारख्या चोचीचा तुतवार, स्पून-बिल्ड सँडपायपर. आपला पांढरा, मोठा चमचा पक्षी नव्हे. हा टिलव्याहून किंचितच मोठा, पण चोचीचे टोक चमच्यासारखे पसरट. रशियाच्या अतिपूर्वेला, चुकोत्काच्या किनाऱ्याकडे त्याची वीण होते. भारतात तो बंगालच्या उपसागराच्या बाजूला क्वचित आढळला आहे. आज तो जगातील सर्वांत संकटग्रस्त पक्ष्यांपैकी एक आहे. उरले आहेत ते काही शेकडा. त्या संध्याकाळी मी एकटाच डुमसला गेलो होतो. सूर्य डोळ्यांत होता. साठ-सत्तर पावलांवर टिलव्यांचा थवा होता. त्यातला एक माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या चोचीचे टोक पसरट होते. अर्धे मिनिट. मग थवा उडाला.

मी धावतच सरांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि तीन प्रश्न विचारले. “तो खात कसा होता?” मी पाहिले नव्हते. “बाजूने पाहिलास का?” नाही. “किती वेळ पाहिलास?” मी म्हणालो, “दोन-तीन मिनिटं.” सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बरं.”

चार दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्राने माझे नाव छापून बातमी दिली. घरी पेढे वाटले गेले. पंधरा दिवसांनी, सकाळच्या स्वच्छ उन्हात, मी पुन्हा तेथे उभा होतो. वीस पावलांवर एक छोटा टिलवा चिखल उकरीत आला. त्याच्या चोचीच्या टोकाला चिकट गाळाचा गोळा लागलेला होता आणि समोरून पाहता तो हुबेहूब चमचा दिसत होता. पक्षी डबक्याशी गेला, चोच पाण्यात बुडवून झटकली आणि चमचा गळून पडला. खाली उरली ती बारीक, सरळ, काळी चोच.

त्या तुतवाराविषयी पुढे जे वाचले, ते सारे सरांच्या तीन प्रश्नांत होते. त्याचा चमचा बाजूने पाहिला तर जवळजवळ दिसतच नाही, समोरून किंवा वरून दिसतो. म्हणून चोच निरनिराळ्या बाजूंनी पाहावी लागते. तो उथळ पाण्यात चोच दोन्ही बाजूंना फिरवीत खातो, म्हणून चाल पाहावी लागते. आणि चिखल टिकत नाही, म्हणून वेळ द्यावा लागतो.

मी सरांना काहीच सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करीत नोकरीनिमित्त सुरत सुटली. सर भेटत, पत्रे येत, पण तो विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. मध्यंतरी कोणीतरी तयार केलेल्या, सायक्लोस्टाइल केलेल्या एका यादीत ‘डुमस : एकदा दिसला’ अशी ओळ माझ्या पाहण्यात आली. तेव्हाही मी गप्प राहिलो. तरुणपणाची चूक म्हणून ती मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकली होती.

सर गेल्यानंतर त्यांच्या कुटुंबीयांनी वह्या शाळेला दिल्या. गेल्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला त्या लावून देण्यासाठी बोलावले. मी इतर वह्या बाजूला ठेवून आधी १९८९ ची काढली. तारीख बरोबर होती. पक्ष्याच्या रकान्यात पेन्सिलीने, इतर साऱ्या नोंदी शाईच्या असताना, ‘चमचा-चोच तुतवार, १’ असे लिहिले होते. शेऱ्याच्या रकान्यात : ‘सायंकाळ. मी पाहिला नाही. सांगणारा मुलगा विश्वासू आहे.’

पान उलटले. पुढच्या रविवारी : ‘च. तु. शोधला. नाही.’ त्यापुढच्या रविवारी तेच. मार्चअखेर थवे विरळ होईपर्यंत तेच. नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात. १९८९-९० चा अख्खा हिवाळा हा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, गुडघे दुखत असलेला, पहिल्या बसने जाऊन मी न पाहिलेला पक्षी शोधत होता. अशा एकवीस नोंदी मी मोजल्या. बाविसावी नाही. पेन्सिलीच्या त्या ओळीवर त्यांनी शाई कधी फिरवली नाही आणि ती खोडलीही नाही.

त्यांना शंका आली होती का? पेन्सिल पाहून वाटते, आली असावी. पण मग एकवीस रविवार कशासाठी? या प्रश्नाभोवती मी वर्षभर फिरतो आहे. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही मला चुकीचे ठरवू शकता, पण मला वाटते की शंका माझ्या डोळ्यांविषयी होती आणि शोध माझ्या शब्दासाठी होता.

सरांच्या वहीत काहीही खोडण्याचा मला अधिकार नाही. म्हणून मी एक चिठ्ठी लिहिली आहे. ती त्या पानाशी जोडून ठेवावी, अशी मुख्याध्यापकांना विनंती करतो आणि आपणा सर्वांसमक्ष वाचून त्यांच्या हाती देतो :

‘डुमस, जानेवारी १९८९. चमच्यासारख्या चोचीचा तुतवार, १ : ही नोंद चुकीची आहे. पक्षी छोटा टिलवा असावा. चोचीला गाळ लागलेला असावा. अंतर साठ-सत्तर पावले, सूर्य समोर. फक्त समोरून पाहिला. खाताना पाहिला नाही. पाहण्याचा वेळ अर्धे मिनिट. दोन-तीन मिनिटे सांगितली, ते खरे नव्हते. चूक पंधरा दिवसांत कळली होती. नोंद रद्द समजावी.’

खाली माझी सही आणि आजची तारीख आहे. तिथीही घातली आहे.